रविवारचा विसावा नेमका कोणाचा?

सातरस्ता_सोलापूर (धागाकर्ता)

जय ख्रिस्त मंडळी.

एरवी मी इथं नुसता वाचतो. आज लिहितोय, कारण तीन आठवडे झाले एक गोष्ट डोक्यातून जात नाही. घरी बोललो तर बायको म्हणते, पाळकसाहेबांना विचारा. त्यांना विचारायची लाज वाटते, कारण मी मंडळीचा, म्हणजे आमच्या चर्चचा, खजिनदार आहे.

माझं शाळेच्या गणवेशाचं छोटं युनिट आहे. सात शिलाई मशीन, एक ओव्हरलॉक, एक काज-बटणाचं. कटिंग मास्टर आणि एक हेल्पर धरून अकरा माणसं. सोलापुरातल्या लोकांना सांगायला नको, एप्रिल ते जून ही आमची सुगी. जूनच्या मध्याला शाळा उघडतात, त्याआधी माल दुकानात गेलाच पाहिजे. म्हणून मार्चअखेरपासून रविवारची सुट्टी बंद. शिलाई नगावर आहे, जितके नग तितके पैसे. त्यामुळे बायका स्वतःहून येतात, कुणी जबरदस्ती करत नाही. असं मी स्वतःला सांगत आलोय.

एप्रिलचा शेवटचा रविवार. ऊन ४२ च्या वर. मी उपासनेत, पंख्याखाली, तिसऱ्या बाकावर. वचन होतं मत्तय ११:२८, "अहो कष्टी व भाराक्रांत जनहो, तुम्ही सर्व माझ्याकडे या म्हणजे मी तुम्हांला विसावा देईन." चर्चच्या शब्बाथ शाळेत यावर बक्षीस मिळवलंय मी. पाळकसाहेब फार सुंदर बोलत होते. वर्षभराचा ताण उतरल्यासारखं वाटत होतं, डोळे मिटले होते. तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. कटिंग मास्टर. ओव्हरलॉकवरची बाई चक्कर येऊन पडली.

मी पोचलो तोवर तिला भिंतीला टेकवून बसवलं होतं. कुणीतरी ओढणी ओली करून डोक्यावर ठेवलेली. भुवयांवर, पापण्यांवर निळ्या कापडाचा भुसा. ओव्हरलॉकवर दिवसभर बसलं की तो असा चिकटतोच, पण इतक्या जवळून मी तो कधी बघितला नव्हता. मी दिसल्यावर तिचं पहिलं वाक्य: "मालक, तीसच नग राहिलेत. चारला बसते परत."

डॉक्टर, सलाईन, रिक्षा, सगळं केलं. ती बरी आहे. माझं काय करू?

मी दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग मंडळीला, काटेकोर देतो. दोन पोरांची फी भरतो. देण्यात मी कमी नाही असं वाटायचं. आता ते वचन ऐकलं की पापण्यांवरचा भुसा दिसतो. देवाच्या ठायी विसावा घेणं आणि दुसऱ्याला देणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं मी धरून चाललो होतो. एक रविवारी, एक महिन्याच्या पहिल्या तारखेला. तुमचं काय म्हणणं?

कृपा_२२

आमेन दादा. प्रार्थना करते त्या ताईंसाठी.

पूर्वभागकर

दादा, खरं बोलू का? रागावू नका.

विसाव्यावरचे उपदेश महिन्याच्या पगारवाल्यांसाठी असतात. नगावरच्या माणसाला सुट्टी म्हणजे उपवास. माझी आई विड्या वळायची. आता कुंभारीला विडी कामगारांच्या गोदूताई वसाहतीत असते, हात थकले तरी बोटं रिकामी बसत नाहीत. हजारावर मजुरी. पानं रात्री भिजवायची, सकाळी कापायची, मांडीवर सूप, त्यात तंबाखू, आणि बसायचं. कारखान्यात माल द्यायला गेलं की छाट निघायची, म्हणजे वळलेल्यातल्या काही विड्या बाद. त्यांचे पैसे नाहीत.

आमच्या तेलुगू मंडळीत आई जायची. रविवारी सूप शिवायचं नाही हा तिचा नेम. पण तो पाळायला शनिवारी दीडपट वळायची. हजाराच्या जागी दीड हजार. रात्री बारा-साडेबारा वाजायचे. आणि आम्ही दोघी बहिणी पानं कापायला बसायचो, मी सातवीत, धाकटी चौथीत. लोक आईचं कौतुक करायचे, बघा किती विश्वास. विश्वास होताच. पण माझी बोटं शनिवारी रात्री कातरीनं सोलपटलेली असायची, हेही तेवढंच खरं.

म्हणून "देवावर सोपवा आणि निवांत व्हा" असं कुणी म्हटलं की मी विचारते, निवांत व्हायचे पैसे कोण देणार?

कडक_भाकरी

लई भारी लिहिलंस ताई. शेवटचा प्रश्न चौकात फलकावर लावायला पाहिजे बे.

जुना_पाळक

पूर्वभागकर ताईंच्या प्रश्नाचं उत्तर शास्त्रातच आहे. फक्त आम्ही पाळक लोक तो भाग घाईत वाचतो, मीही वाचत होतो.

दहा आज्ञा दोनदा येतात. निर्गम २० मध्ये शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा सातवा दिवस, पाळायचं कारण सृष्टीची उत्पत्ती: देवाने सातव्या दिवशी विसावा घेतला, तुम्हीही घ्या. पण अनुवाद ५ मध्ये कारण बदललं आहे. तिथे म्हटलं आहे, तुझ्या दासाला आणि दासीला तुझ्यासारखाच विसावा मिळावा म्हणून. आणि लगेच पुढे, तू मिसरात (इजिप्तमध्ये) दास होतास हे आठव. बैल आणि गाढवसुद्धा यादीत आहेत. म्हणजे मालकाने विसावा घ्यायचा तो स्वतःपुरता नाहीच. तो थांबला तरच त्याच्या हाताखालचा थांबू शकतो.

आणि मिसरात काय चाललं होतं? निर्गम ५ वाचा. विटा रोज ठरलेल्या संख्येने पाडायच्या. पुढे फारोने, म्हणजे मिसरच्या राजाने, विटांसाठीचं गवत देणं बंद केलं, संख्या मात्र तीच ठेवली. लोक सुट्टी मागायला लागले तर म्हणाला, आळशी झाले आहेत. सातरस्ता, तुम्हाला लागेल असं बोलतो, पण फारोसुद्धा काम नगावरच घेत होता.

सातरस्ता_सोलापूर

लागलं पाळकसाहेब. बरोबर लागलं.

गिरणगाव_ते_जुनी_मिल

थोडं विषयांतर, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. पुष्कळांना वाटतं रविवारची सुट्टी इंग्रजांनी चर्चला जायचं म्हणून आपल्याला देऊन टाकली. इंग्रज साहेब स्वतः रविवारी चर्चला जायचा, गिरणी मात्र चालू. सुट्टी मिळाली ती नारायण मेघाजी लोखंड्यांनी वर्षानुवर्षे अर्ज-विनंत्या, सभा करून झगडल्यावर, १० जून १८९० ला मुंबईच्या गिरण्यांत. लोखंडे सत्यशोधक. रविवार हा खंडोबाचा वार, हेही त्यामागे होतं असं सांगतात. आपली सोलापूरची जुनी मिल १८७७ ची, आजोबा तिथं साच्यावर होते, त्यामुळे आमच्या घरात लोखंड्यांचं नाव निघायचं.

सांगायचा मुद्दा, ख्रिस्ती मालक बाकावर आणि कामगार यंत्रावर, हे दृश्य आजचं नाही.

बसवेश_उत्तर_कसबा

मी ख्रिस्ती नाही, लिंगायत आहे. वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. आमच्याकडे दोन शब्द जोडीनं येतात, कायक आणि दासोह. कायक म्हणजे अंगमेहनतीचं प्रामाणिक काम, दासोह म्हणजे त्यातून आलेलं समाजाला देणं. सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात तळं खोदवलं, गावाभोवती ६८ लिंगं स्थापली. तळं हे कायकही आणि दासोहही. पाणी सगळ्यांचं.

पण विसाव्याबद्दल आमच्यात एवढं ठासून सांगितलेलं मला तरी आठवत नाही. गाढवालासुद्धा सुट्टी, हे आवडलं. आमच्या दुकानातल्या पोराला गड्डा यात्रेच्या महिन्यात एक दिवस सुट्टी नसते. हे आत्ता लिहिताना लक्षात आलं. असो.

खरं_बोलणारा

सगळं ठीक. पण "देणं" म्हटलं की माझ्या अंगावर काटा येतो. कोरोनानंतर एका प्रार्थना-सभेत जायला लागलो. कुठल्या ते लिहीत नाही. तिथं दर आठवड्याला एकच, बी पेरा. हजार पेराल तर शंभरपट उगवेल. मी नोकरी गेलेला माणूस, बायकोच्या कानातले विकून "पेरले". उगवलं काही नाही. विचारलं तर उत्तर, विश्वास कमी पडला.

तेव्हापासून दानाच्या पिशवीकडं बघवत नाही. देवाबरोबर व्यवहार करायचा असेल तर त्यापेक्षा भिशी बरी, निदान आपला नंबर कधी तरी लागतो.

जुना_पाळक

खरं_बोलणारा, तुमच्याशी जे झालं त्याबद्दल मी त्या लोकांच्या वतीने माफी मागू शकत नाही, पण वाईट फार वाटलं. प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला पाठवलेल्या दुसऱ्या पत्रात, २ करिंथ ९:७ मध्ये, लिहिलं आहे की दुःखी मनाने किंवा भाग पडतं म्हणून देऊ नये. कानातले विकायला लावणं हे भाग पाडणंच.

त्याच पत्राचा आठवा अध्याय मला या धाग्यासाठी जास्त महत्त्वाचा वाटतो. यरुशलेमातल्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी पौल वर्गणी गोळा करतो आहे. तो करिंथकरांना स्पष्ट म्हणतो, दुसऱ्यांना आराम आणि तुम्हाला ओढाताण, असं मला नको आहे. समानता हवी. आणि त्यासाठी दाखला कुठला देतो? मान्नाचा, म्हणजे रानात इस्राएल लोकांसाठी देवाने आकाशातून पाडलेल्या अन्नाचा. ज्याने खूप गोळा केलं त्याला जास्त उरलं नाही, ज्याने थोडं केलं त्याला कमी पडलं नाही.

आता मान्ना म्हणजे काय ते आठवा. निर्गम १६. रोज माणशी एक ओमर, म्हणजे ठरलेलं एक माप. उद्यासाठी ठेवलं तर किडे पडायचे, घाण सुटायची. फक्त सहाव्या दिवशी दुप्पट, आणि ते मात्र नासत नसे, कारण सातव्या दिवशी कुणी वेचायला जायचं नव्हतं. म्हणजे इस्राएल लोक थांबायला शिकले ते मान्नामुळे, आणि द्यायला कसं शिकायचं हे सांगताना पौलानेही मान्नाच पुढे केला. ज्याला उद्याची भाकर उद्या मिळेल असं वाटत नाही, तो थांबतही नाही आणि सोडतही नाही. मूठ एकच आहे. पूर्वभागकर ताईंच्या आईने शनिवारी दीडपट वळल्या त्या मान्नाच्या हिशोबाने. चुकलं एवढंच की तिच्या वाट्याचं दुप्पट आकाशातून पडलं नाही, ते तिला लेकींच्या बोटांतून काढावं लागलं. ते कुणाकडून यायला हवं होतं हे मी आता सांगायला नको.

पूर्वभागकर

हे वाचून थोडा वेळ गप्प बसले. आईला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, "पाळकाला सांग, मला कुणी विचारलंच नाही." एवढंच म्हणाली आणि पाणी आलंय म्हणून फोन ठेवला.

शिलाई_ताई

मला एक विचारायचंय सगळ्या दादांना. रविवारी उपासनेवरून आल्यावर मटण कोण शिजवतं?

आमच्याकडे सकाळी सहाला उठून मसाला वाटून ठेवायचा, पोरांना आंघोळी, ह्यांचा इस्त्रीचा शर्ट, चर्चला पोचायला उशीर झाला की तोंडं आमचीच. परत आलं की पाहुणे. पाळकसाहेब सुद्धा असतात कधी कधी, त्यांना वाढायला आनंदच आहे. पण जेवताना विषय काय, तर बायबलमधल्या दोघी बहिणी, प्रभूच्या पायाशी ऐकत बसलेली मरीया आणि पाहुणचाराच्या कामातली मार्था. मार्था कशी उगीच कामात गुंतली होती. अहो, मी भाकऱ्या थापत ते ऐकते! मार्था उठली नसती तर जेवला कोण असता?

कडक_भाकरी

😂😂 ताई, पुढच्या रविवारी शेंगाचटणी आणि कडक भाकरी. शनिवारी करून ठेवा, महिनाभर टिकते. माझं नाव उगाच नाही.

जुना_पाळक

शिलाई_ताई, पाहुण्यांमध्ये मीही असायचो. माझी बायको जाऊन चार वर्षं झाली. आता रविवारी मी स्वतः डाळ-भात लावतो. तिला मी एकदाही "आज तू बस" म्हटलं नव्हतं.

रूथची_सासू

मला दोन गोष्टी म्हणायच्यात.

पहिली, विधवेच्या दोन नाण्यांचा दाखला दानाच्या रविवारी हमखास निघतो. मार्क १२. पण त्याच्या बरोबर वरच्या ओळी वाचल्यात का? प्रभू तिथं शास्त्र्यांना झोडपतो, ते विधवांची घरं गिळतात म्हणून. आणि लगेच पुढं एक विधवा आपली होती नव्हती ती उपजीविका पेटीत टाकते. मी आता स्वतः विधवा आहे, त्यामुळे मला तो उतारा वेगळा दिसतो. तिचं मन मोठंच. पण तिच्या घरात पीठ संपलं तेव्हा पेटी सांभाळणारे कुठं होते? सातरस्ता, तुम्ही खजिनदार आहात म्हणून सांगते. पाकिटावरची नावं वाचता ना? कोण कमी देतंय हे बघू नका. कोण झेपत नसताना देतंय ते बघा आणि तिच्या घरी जा.

दुसरी, सरवा. आमच्या माहेरी, मोहोळकडं, ज्वारीची काढणी झाली की रानात पडलेली कणसं वेचायला बाया यायच्या. आजी कधी हाकलायची नाही. शास्त्रात लेवीय १९ मध्ये हेच आहे, शेताच्या कडा कापू नका, पडलेलं उचलू नका, ते गरिबाचं आणि परक्याचं. रूथ, ती परदेशी विधवा, तेच वेचायला गेली. शेताचा मालक बवाज, त्यानं तर गड्यांना सांगितलं, पेंढ्यांतूनही मुद्दाम थोडं पडू द्या, आणि तिला बोलू नका. यातलं "बोलू नका" मला फार आवडतं. दान देताना आपण बोलतो फार. फोटो काढतो.

तुमच्या धंद्यात शेताची कड कुठली, ते तुम्हीच शोधा.

सातरस्ता_सोलापूर

दोन रविवार गेले. मधे लिहिलं नाही, कारण आधी करून बघायचं होतं.

कड शोधली. मशीनवरच्या एका बाईचा दिवसाचा सरासरी हिशोब काढला, तो ४२० च्या आसपास येतो. नऊ जणी म्हणजे ३,७८०. मास्टर आणि हेल्पर धरून एका रविवारचे साधारण पाच हजार. ठरवलं, रविवारी युनिट बंद आणि सरासरी मजुरी चालू. खरं सांगतो, शनिवारी रात्री झोप लागली नाही. एका शाळेची ऑर्डर अर्धी बाकी होती. दोनदा उठून फोन हातात घेतला, मास्टरला सांगावं, चार मशीन तरी चालू ठेव. पंचवीस वर्षांचा विश्वासणारा माणूस, आणि पाच हजार रुपयांवर देव झोपला असेल असं वाटत होतं.

मास्टर आधीच म्हणाला होता, "मालक, ह्या बायका रविवारी दुसऱ्या युनिटला जाऊन बसतील. तुमचे पैसे पण घेतील, त्यांचे पण." आणि झालं तसंच. दोघी गेल्या. मला सोमवारी कळलं. इतका राग आला की सांगता येत नाही. माझ्या पैशानं घेतलेला विसावा दुसऱ्याला विकला असं वाटलं. त्यातलीच एक ओव्हरलॉकवाली असेल असा मला संशय होता. नव्हती.

तिला विचारलं, काय केलं रविवारी? म्हणाली, जेवून झोपले. साडेचारला दचकून उठले, वाटलं कामाला उशीर झाला, ओढणी घेऊन दारापर्यंत गेले. मग पोरगी हसायला लागली.

पाळकसाहेब, त्या दोघींचं काय करू? पुढच्या रविवारी त्यांचे पैसे कापू का?

जुना_पाळक

निर्गम १६ चाच शेवट बघा. सातव्या दिवशी वेचायला जाऊ नका म्हटलं तरी काही जण गेलेच. मिळालं काही नाही. परमेश्वर रागावला, बोलला. पण दुसऱ्या दिवशीचा मान्ना बंद केला नाही. चाळीस वर्षं पडत राहिला.

कापू नका. त्यांच्या डोक्यावर काय आहे ते विचारा. उचल घेतली आहे का कुणाकडून?

सातरस्ता_सोलापूर

विचारलं. एकीची उचल दुसरीकडं आहे. दुसरीची माझ्याकडंच, सहा हजार. दिवाळीपासूनची. माझ्याच वहीत माझ्याच अक्षरात. मी दर आठवड्याला कापत होतो आणि मलाच आठवत नव्हतं.

पूर्वभागकर

मग?

सातरस्ता_सोलापूर

तिच्यासमोर रेघ मारली वहीवर. ती काही बोलली नाही, रेघ खरी आहे का म्हणून वही जवळ ओढून बघितली. पहिलीचं अजून ठरलं नाही. दुसऱ्या मालकाशी बोलावं लागेल, तो माणूस सोपा नाही.

एक हिशोबाचा प्रश्न उरलाय, हसू नका. रविवारची ही मजुरी दशांशात धरू का? दोन्ही वह्या माझ्याकडंच आहेत.

रूथची_सासू

हसले.

जुना_पाळक

मजुरीच्या रकान्यात लिहा. दशांश वेगळा.

शिलाई_ताई

आणि दादा, कूलर लावला का युनिटमध्ये? एवढं सगळं झालं, कूलरचं कुणी विचारलंच नाही.

सातरस्ता_सोलापूर

लावला ताई, जुनाच आहे, घरचा. नळाला पाणी चार दिवसांआड, म्हणून पिंपातलं घालतोय. ओव्हरलॉकच्या बाजूला तोंड केलंय.